एजंट न बसवता नेटवर्कवर नजर: ७४ उपकरणांच्या प्रकल्पाच्या नोंदी

३ जून: आवाका

यादी पक्की झाली. कोअर (मध्यवर्ती) स्विच २, अ‍ॅक्सेस स्विच (वापरणाऱ्यांची यंत्रे जोडणारे) ६०, राउटर ४, फायरवॉल २, यूपीएस ६. एकूण ७४ उपकरणे. यातल्या बहुतेकांवर एजंट, म्हणजे निरीक्षणाचा वेगळा प्रोग्रॅम, बसवताच येत नाही. त्यामुळे जी माहिती उपकरण स्वतःहून द्यायला तयार आहे, तेवढ्यावरच काम करायचे आहे. रस्ते तीन: आयसीएमपी (पिंग), एसएनएमपीने, म्हणजे उपकरणांची माहिती विचारण्याच्या प्रमाणित भाषेत, विचारपूस (यूडीपी पोर्ट १६१) आणि उपकरणाने आपणहून पाठवलेले ट्रॅप (यूडीपी पोर्ट १६२).

सर्व्हरवर निरीक्षणाची प्रणाली झॅबिक्स ७.० आणि डेटाबेस पोस्टग्रेएसक्यूएल. ४ कोअरचा प्रोसेसर आणि १६ जीबी मेमरी या आकाराला पुरते.

कामाचा नियम आजच ठरवला: एखादा आकडा आधी दुसऱ्या मार्गाने ताडून पाहायचा, मगच त्याच्यावर अलर्ट लावायचा. एजंटविरहित पद्धतीत आकडा उपकरणाच्या फर्मवेअरने मोजलेला असतो आणि तो चुकीच्या एककात, शिळा किंवा भलत्याच पोर्टचा असू शकतो. ग्राफ मात्र तिन्ही वेळा सारखाच देखणा दिसतो.

५ जून: एसएनएमपी ३ ची मांडणी

आवृत्ती २सी मध्ये कम्युनिटी हा परवलीचा शब्द उघडा जातो, म्हणून जिथे जमेल तिथे आवृत्ती ३. पातळी ऑथ-प्रिव्ह, म्हणजे ओळख आणि गुप्तता दोन्ही. जुन्या स्विचवर ओळखीसाठी एसएचए-१ आणि गुप्ततेसाठी एईएस-१२८, नव्यांवर ओळखीसाठी एसएचए-२५६. पासवर्ड किमान ८ अक्षरी लागतो. त्याहून लहान असेल तर काही उपकरणे तो विनातक्रार स्वीकारतात आणि मग एकाही विनंतीला उत्तर देत नाहीत.

प्रत्येक उपकरणावर चार गोष्टी, याच क्रमाने:

१. एसीएल (कोणाला प्रवेश त्याची यादी): फक्त निरीक्षण सर्व्हरच्या पत्त्यावरून पोर्ट १६१ उघडा.
२. व्ह्यू, म्हणजे काय वाचता येईल त्याची हद्द (हे क्रमांक म्हणजे ओआयडी, प्रत्येक माहितीचा झाडातला पत्ता): १.३.६.१.२.१, १.३.६.१.६.३.१० आणि उत्पादकाची स्वतःची शाखा वाचायला मोकळी, त्यातून राउटिंग टेबलच्या दोन शाखा (१.३.६.१.२.१.४.२१ आणि १.३.६.१.२.१.४.२४) वगळलेल्या.
३. गट आणि वापरकर्ता, फक्त वाचनाचा हक्क.
४. सर्व्हरवरून एसएनएमपीगेट ने १.३.६.१.२.१.१.५.० वाचून सिसनेम (उपकरणाचे नाव) यादीतल्या नावाशी जुळते का ते पाहणे.

राउटिंग टेबल वगळण्यामागे कारण आहे. कोणी सहज म्हणून पूर्ण झाडाचा वॉक (ओळीने सगळे वाचणे) सुरू केला की मोठे टेबल असलेल्या राउटरचा सीपीयू त्या एका कामात अडकून पडतो. व्ह्यूमध्येच दार बंद केले की हा धोका राहत नाही.

जोडणी जमत नसेल तर चूक कुठे आहे ते उत्तरातल्या ओआयडीवरून कळते. १.३.६.१.६.३.१५.१.१.३ आला तर वापरकर्ता अनोळखी. शेवटी ५ असेल तर ओळखीचा पासवर्ड किंवा अल्गोरिदम चुकला. शेवटी २ असेल तर वेळेची खिडकी चुकली. गुप्ततेचा पासवर्ड चुकला असेल तर मात्र अनेकदा नुसता टाइमआउट येतो आणि तो एसीएलच्या अडवणुकीसारखाच दिसतो. दोन्हींतला फरक ओळखायला तीच विनंती गुप्ततेशिवाय, ऑथ-नो-प्रिव्ह पातळीवर करून पाहावी. तिला काहीही उत्तर आले, अगदी नकारही, तरी रस्ता मोकळा आहे हे सिद्ध होते.

७ जून: चार स्विच आळीपाळीने गायब

चार अ‍ॅक्सेस स्विच सर्व्हरवर लाल-हिरवे होत राहिले. पिंग व्यवस्थित. कमांड लाइनवरून एसएनएमपीगेट केले की प्रत्येक जण लगेच उत्तर देतो. सर्व्हरला मात्र कधी एक मिळतो, कधी दुसरा.

कारण इंजिन आयडी. एसएनएमपी ३ मध्ये प्रत्येक उपकरणाची ओळख या आयडीने ठरते आणि विचारणारी बाजू त्या आयडीखाली दोन गोष्टी लक्षात ठेवते: उपकरण किती वेळा चालू झाले आणि शेवटचे चालू होऊन किती सेकंद झाले. हा हिशेब १५० सेकंदांपेक्षा जास्त चुकला की संदेश नाकारला जातो. या चार स्विचवर एकाच स्विचची कॉन्फिगरेशन फाइल उतरवली होती आणि इंजिन आयडीची ओळही तिच्याबरोबर आली होती. एकाच आयडीची चार वेगळी घड्याळे दिसल्यावर सर्व्हरचा गोंधळ होणारच. कमांड लाइनवर प्रत्येक वेळी ओळख नव्याने होते, म्हणून तिथे दोष दिसला नाही.

आवृत्ती ३ न बोलणारी दोन यूपीएस कार्डे सोडून उरलेल्या ७२ उपकरणांवरून १.३.६.१.६.३.१०.२.१.१.० वाचून यादी क्रमवार लावली: वेगळे आयडी ६९. म्हणजे या चारांपलीकडे आणखी जुळी नाहीत.

दुरुस्ती: तीन स्विचवरचा आयडी बदलला. पासवर्डवरून बनणारी किल्ली त्या इंजिन आयडीला बांधलेली असते, त्यामुळे आयडी बदलताच जुना वापरकर्ता निकामी होतो. वापरकर्ता पुसून पुन्हा तयार करावा लागला. त्यानंतर सर्व्हरवर एसएनएमपी कॅश रीलोडची आज्ञा. ती विसरली तर सर्व्हर जुन्याच आठवणीवर चालत राहतो.

१० जून: ३२ बिटचा काउंटर

इंटरफेसच्या जुन्या टेबलातले इफ-इन-ऑक्टेट्स (१.३.६.१.२.१.२.२.१.१०) आणि इफ-आउट-ऑक्टेट्स (शेवटी १६) हे काउंटर ३२ बिटचे आहेत. ४,२९,४९,६७,२९६ बाइट झाले की ते शून्यावर येतात. १०० एमबीपीएसच्या भरल्या लिंकवर याला ३४३ सेकंद लागतात, १ जीबीपीएसवर ३४ सेकंद आणि १० जीबीपीएसवर साडेतीन सेकंदही नाहीत.

१ जीबीपीएस लिंकवर ९०० एमबीपीएस सोडून ६० सेकंदांच्या पोलिंगने (ठरावीक अंतराने विचारून) मुद्दाम पाहिले. मिनिटात ६७५ कोटी बाइट जातात, काउंटर एकदा फिरतो आणि फरक उरतो साधारण २४५ कोटी. ग्राफवर सरळ ३२७ एमबीपीएस. काही मिनिटांना नवा आकडा जुन्यापेक्षा लहान येतो. तेव्हा झॅबिक्स तो फरक टाकून देतो आणि ग्राफमध्ये खिंड पडते. खिंड निदान डोळ्यांत भरते. ३२७ हा आकडा मात्र कोणालाही खरा वाटेल, म्हणून तोच जास्त घातक.

झॅबिक्समध्ये सगळ्या उपकरणांना लावायच्या साच्यात सगळीकडे ६४ बिटचे काउंटर घातले: इफ-एचसी-इन-ऑक्टेट्स १.३.६.१.२.१.३१.१.१.१.६ आणि इफ-एचसी-आउट-ऑक्टेट्स १.३.६.१.२.१.३१.१.१.१.१०. एसएनएमपी १ मध्ये ६४ बिटचा प्रकारच नाही, त्यामुळे फक्त आवृत्ती १ बोलणाऱ्या दोन यूपीएस कार्डांना हे लागू नाही. त्यांना त्याची गरजही नाही.

लिंकच्या वेगाचेही तेच. इफ-स्पीड सव्वाचार जीबीपीएसच्या वर मोजू शकत नाही. इफ-हाय-स्पीड (१.३.६.१.२.१.३१.१.१.१.१५) वापरावा, त्यातला आकडा एमबीपीएसमध्ये असतो, म्हणून १०,००,००० ने गुणणे आलेच.

११ जून: ग्राफ खरा की आयपर्फ खरा

दोन यंत्रांमध्ये आयपर्फ३ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमने टीसीपी ट्रॅफिक १५ मिनिटे सोडला. आयपर्फ म्हणतो ९४१ एमबीपीएस, ग्राफ म्हणतो ९८७. दोन्ही बरोबर आहेत.

१,५०० च्या एमटीयूवर (पॅकेटची कमाल लांबी) एका फ्रेमला तारेवर १,५३८ बाइटची जागा लागते: आयपी पॅकेट १,५००, इथरनेट हेडर १४, एफसीएस (चूक पकडणारी बेरीज) ४, प्रीअ‍ॅम्बल ८, मधली मोकळी जागा १२. आयपर्फ फक्त आतला १,४४८ बाइटचा माल मोजतो. १,४४८ भागिले १,५३८ म्हणजे ९४.१ टक्के. इंटरफेसचा काउंटर हेडर आणि एफसीएससह १,५१८ मोजतो. ते होतात ९८.७ टक्के. जे स्विच एफसीएसचे ४ बाइट धरत नाहीत त्यांच्यावर ९८४ दिसेल.

हा हिशेब साच्याच्या टिपेत लिहून ठेवला, कारण ‘लिंक भरली’ या अलर्टची मर्यादा यावरच ठरते. पूर्ण भरलेली लिंक ग्राफवर १०० टक्के कधीच दाखवत नाही. छोट्या पॅकेटांचा ट्रॅफिक असेल तर आणखी कमी: ६४ बाइटच्या फ्रेमला तारेवर ८४ बाइट लागतात, म्हणजे भरलेली लिंक ७६ टक्क्यांवरच अडते. मर्यादा ८० टक्के ठेवून शिवाय डिस्कार्डवर (जागेअभावी टाकून दिलेल्या पॅकेटांवर) वेगळी नजर, असे ठरले.

पोलिंग १० सेकंदांवर नेऊन पाहिले. ग्राफला करवतीसारखे दाते आले: एकदा शून्य, एकदा दुप्पट. स्विचचा हार्डवेअर काउंटर एसएनएमपीच्या प्रतीत काही सेकंदांनीच उतरतो. पोलिंग त्याच्या जवळपास नेले की हे होते. ६० सेकंद कायम.

१३ जून: किती विचारायचे

सगळे इंटरफेस धरले तर सुमारे ३,४००. प्रत्येकी ८ आयटम (नोंदवायचे आकडे) म्हणजे २७,२००. दर ६० सेकंदांनी सेकंदाला ४५३ नोंदी. एका नोंदीला साधारण ९० बाइट धरले तर दिवसाला ३.५ जीबी, ३० दिवसांचे १०६ जीबी. सर्व्हर हे झेपवेल, पण यातले बहुतेक आकडे कोणी कधीच पाहणार नाही.

छाटणी केली. पूर्ण ८ आयटम दर मिनिटाला फक्त या २४४ इंटरफेसना: अ‍ॅक्सेस स्विचच्या १२० अपलिंक (कोअरकडे जाणाऱ्या लिंक), कोअरचे ९६ पोर्ट, राउटरचे १६, फायरवॉलचे १२. उरलेल्या २,८८० अ‍ॅक्सेस पोर्टना तीनच आयटम, दर ५ मिनिटांनी: स्थिती, आत येणाऱ्या एरर, बाहेर जाताना झालेले डिस्कार्ड. हिशेब: ३२.५ अधिक २८.८, म्हणजे सेकंदाला ६१ नोंदी. दिवसाला सुमारे ४८० एमबी, महिन्याला १४ जीबी. तासागणिक सरासरीचे ट्रेंड वर्षभर ठेवायला आणखी ८.४ जीबी. स्थितीसारखे क्वचित बदलणारे आकडे ‘बदल नसेल तर टाकून दे, पण तासातून एकदा लिही’ या पूर्वप्रक्रियेवर टाकले. प्रत्यक्ष जागा याहून बरीच कमी लागेल.

इंटरफेस आपोआप शोधणाऱ्या नियमात गाळण्या: लूपबॅक, नल आणि व्हीलॅन इंटरफेस बाहेर, प्रशासकीय स्थिती २, म्हणजे मुद्दाम बंद ठेवलेले पोर्ट, तेही बाहेर.

१६ जून: छोटी विनंती पोचते, मोठी हरवते

दोन दूरच्या राउटरवर विचित्र प्रकार. पिंग ठीक, सिसनेम मिळते, काउंटरही मिळतात. पोर्टची वर्णने (इफ-एलियास, ३१.१.१.१.१८) वाचायला घेतली की टाइमआउट.

हे राउटर व्हीपीएनच्या पलीकडे आहेत आणि तिथला उपयुक्त एमटीयू १,४०० च्या आसपास. बल्क विनंतीतला मॅक्स-रिपिटिशन्स आकडा, म्हणजे एका उत्तरात किती नोंदी हव्यात तो, २५ ठेवला होता. ४० अक्षरांच्या वर्णनाची एक नोंद ओआयडीसकट ५८ बाइट होते. २५ नोंदींचे १,४५० आणि वर एसएनएमपी ३ चे हेडर. उत्तराचे पॅकेट दोन तुकड्यांत फुटते आणि वाटेतला फायरवॉल दुसरा तुकडा टाकून देतो. काउंटरची नोंद २६ बाइटच्या आसपास असल्याने ती या सापळ्यात सापडली नाही.

आकडा १० केला: ५८० बाइट, एकच पॅकेट, अडचण संपली. झॅबिक्समध्ये तो होस्टच्या एसएनएमपी इंटरफेसवर बदलता येतो, त्यामुळे लॅनवरचे स्विच २५ वरच ठेवले. ५२ पोर्टच्या स्विचवर ८ स्तंभ वाचायचे म्हणजे ४१६ आकडे. एकेक विचारले तर ४१६ फेऱ्या. उपकरण दर फेरीला १५ मिलिसेकंद घेत असेल तर सहा सेकंदांहून जास्त. १० च्या बल्कने ४८ फेऱ्या, २५ च्या बल्कने २४. साच्यात वॉक आयटम एकच ठेवला आणि बाकी सगळे त्याच्यावर अवलंबून असलेले आयटम केले. उपकरणाला एकदाच विचारायचे, वाटणी सर्व्हरने करायची.

टाइमआउट १० सेकंद. तो वाढवत नेऊन दुखणे दाबायचा मोह टाळावा. जो स्विच ३ सेकंदांत उत्तर देत नाही त्याचा सीपीयू आधी पाहावा.

१७ जून

एका स्विचमध्ये मॉड्यूल बदलल्यावर इंटरफेसचे क्रमांक सरकले आणि अपलिंकचा ग्राफ शेजारच्या पोर्टचा ट्रॅफिक दाखवू लागला. इफ-इंडेक्स हा क्रमांक रीबूटनंतर तोच राहील याची हमी नसते. आयटमची ओळख आता इफ-नेम वरून, क्रमांक फक्त ओआयडीत. ज्या उपकरणांवर क्रमांक कायम ठेवण्याची सोय आहे तिथे तीही चालू केली.

२० जून: पिंगचा अलर्ट

सुरुवातीची मांडणी दर मिनिटाला ३ पॅकेट. तीनच पॅकेट असल्यावर लॉस (हरवलेल्या पॅकेटांचे प्रमाण) ०, ३३, ६७ किंवा १०० टक्केच येऊ शकतो. लिंकवर खरोखर १ टक्का लॉस असेल तर तीनपैकी निदान एक हरवण्याची शक्यता २.९७ टक्के. दिवसातल्या १,४४० तपासण्यांत ४३ वेळा ‘३३ टक्के लॉस’. हे एका उपकरणाचे.

नवी मांडणी: दर मिनिटाला १० पॅकेट, २०० मिलिसेकंदांच्या अंतराने. लॉसचा अलर्ट तेव्हाच, जेव्हा ५ मिनिटांतला सर्वांत कमी लॉसही २० टक्क्यांवर आहे, म्हणजे पाचही तपासण्या वाईट. अलर्ट मिटतो तो ५ मिनिटांतला सर्वांत जास्त लॉस ५ टक्क्यांखाली आला की. लागायची आणि मिटायची मर्यादा वेगळी ठेवली नाही तर सीमेवरचा आकडा रात्रभर अलर्ट उघडत-मिटवत बसतो.

‘उपकरण बंद’ वेगळा: सलग तीन तपासण्यांत एकही उत्तर नाही. बंद पडल्यापासून अलर्टपर्यंत २ ते ३ मिनिटे.

एक राउटर संध्याकाळी ४० मिलिसेकंद उशीर दाखवत होता, तर त्याच्या पलीकडचा स्विच त्याच वेळी ४ मिलिसेकंद. पलीकडचे पॅकेट याच राउटरमधून जाते, म्हणजे रस्ता मोकळा आहे. राउटर स्वतःला आलेल्या पिंगला सीपीयूवर उत्तर देतो, तेही सवडीने, आणि कंट्रोल प्लेनच्या (राउटरचा स्वतःचा कारभार पाहणाऱ्या भागाच्या) संरक्षणासाठी त्यावर मर्यादाही असते. पॅकेट पुढे ढकलण्याचे काम वेगळ्या हार्डवेअरचे. म्हणून लिंकचा उशीर राउटरला विचारून ठरवायचा नाही. पलीकडच्या उपकरणाला विचारायचा.

२३ जून: एक कोअर, तेहतीस अलर्ट

चाचणीसाठी एका कोअर स्विचचे निरीक्षण सर्व्हरच्या बाजूने तोडले. अपेक्षित अलर्ट १, आले ३३: कोअर, त्याच्यामागचे ३० अ‍ॅक्सेस स्विच आणि २ यूपीएस. दुसऱ्या कोअरवरही तेच झाले, म्हणजे दोन्ही एकदम गेले तर साठांहून जास्त.

ट्रिगरचे (अलर्ट पेटवणाऱ्या अटींचे) अवलंबित्व लावले: अ‍ॅक्सेस स्विच त्याच्या कोअरवर, यूपीएस त्याच्या स्विचवर, ‘एसएनएमपी उत्तर देत नाही’ हा ट्रिगर त्याच उपकरणाच्या पिंग ट्रिगरवर. तरी पहिल्या फेरीत ९ अलर्ट निसटले. सगळ्यांनाच तीन तपासण्या असल्यामुळे ज्या स्विचची तपासणी कोअरच्या काही सेकंद आधी होते, त्याचा ट्रिगर कोअरच्या आधी पेटतो. कोअरला दोन तपासण्या आणि त्यामागच्यांना चार, एवढा फरक केल्यावर दोन्ही चाचण्यांत अलर्ट एकच.

२४ जून: खोटा रीबूट

‘उपकरण रीबूट झाले’ यासाठी सिस-अप-टाइम (१.३.६.१.२.१.१.३.०) ६०० सेकंदांखाली, अशी अट होती. हा आकडा सेकंदाच्या शंभराव्या भागांत, ३२ बिटमध्ये मोजला जातो आणि ४९७ दिवसांनी शून्यावर येतो. शिवाय तो एसएनएमपी सेवेचा असतो. सेवा नुसती पुन्हा चालू केली तरी शून्य होतो. दीड वर्ष निमूट चालणारा कोअर अशा अटीत एके दिवशी रीबूट झालेला दिसणार.

बदल: १.३.६.१.६.३.१०.२.१.३.० हा सेकंदांतला आकडा मुख्य धरला. त्याला फिरायला ६८ वर्षे लागतात. त्याच्या शेजारचा १.३.६.१.६.३.१०.२.१.२.० किती वेळा चालू झाले ते सांगतो. दोन्ही बदलले तरच अलर्ट. हे दोन्ही आकडेही एसएनएमपी सेवेचेच, त्यामुळे ४९७ दिवसांचा खोटा रीबूट टळतो, सेवा पुन्हा चालू केल्याचा टळेलच असे नाही.

२७ जून: ट्रॅप

ट्रॅप फक्त ६ उपकरणांकडून घ्यायचे ठरले: कोअर २, राउटर ४. लिंकडाउन (१.३.६.१.६.३.१.१.५.३), लिंकअप (शेवटी ४), कोल्डस्टार्ट (शेवटी १) आणि ऑथेंटिकेशन फेल्युअर (शेवटी ५).

अडलेल्या जागा दोन. पहिली: ट्रॅप ज्या इंटरफेसमधून निघतो त्याचाच पत्ता त्याला लागतो आणि सर्व्हर तो कोणत्याही होस्टशी जुळवू शकत नाही. सगळ्यांवर ट्रॅपचा स्रोत लूपबॅक (उपकरणाचा आतला, कायमचा पत्ता) केला. दुसरी: एसएनएमपी ३ च्या ट्रॅपमध्ये अधिकृत इंजिन पाठवणाऱ्याचे असते. ट्रॅप घेणाऱ्या एसएनएमपीट्रॅपडी या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक उपकरणाच्या इंजिन आयडीसह वापरकर्ता वेगळा नोंदवावा लागतो. तो नसेल तर ट्रॅप पोचतो पण उघडत नाही, आणि लॉगमध्येही ठळक खूण राहत नाही. टीसीपीडम्पमध्ये (तारेवरची पॅकेटे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) पॅकेट दिसते आणि फाइलमध्ये ओळ दिसत नाही, तर कारण हेच.

ट्रॅपच्या भरवशावर काहीही ठरवायचे नाही. ज्या राउटरची एकमेव अपलिंक तुटली त्याचा लिंकडाउन ट्रॅप बाहेर पडणार कुठून? लिंक वर आल्यावरही जुन्या स्पॅनिंग ट्रीत (नेटवर्कमधले फेरे टाळणाऱ्या पद्धतीत) पोर्ट ३० सेकंद काहीच पुढे पाठवत नाही आणि तेवढ्यात निघालेला लिंकअप हरवतो. जिथे सोय आहे तिथे पोच मागणारा इन्फॉर्म लावला. खरी स्थिती पोलिंगचीच मानायची. ट्रॅप आला तर ती एक मिनिट आधी कळते इतकेच.

३० जून: १८ टक्के भरलेली लिंक आणि हरवणारी पॅकेटे

एका अपलिंकवर सरासरी १८ टक्के आणि तरी इफ-आउट-डिस्कार्ड्स (१.३.६.१.२.१.२.२.१.१९) सतत वाढता. ६० सेकंदांच्या सरासरीत एक सेकंद पूर्ण भरलेली लिंक १.७ टक्क्यांएवढीच उमटते. इथे १० जीबीपीएसच्या बाजूने येणारा ट्रॅफिक १ जीबीपीएसच्या पोर्टमधून बाहेर पडतो. आत १०, बाहेर १, म्हणजे बफर ९ जीबीपीएसने भरतो. १ एमबीचा बफर ०.९ मिलिसेकंदात संपतो. पोलिंग कितीही जवळ आणले तरी एसएनएमपीला हा झटका दिसणार नाही. त्याचा माग फक्त डिस्कार्डच्या काउंटरमध्ये राहतो, म्हणून तो आयटम ट्रॅफिकच्या ग्राफइतकाच मोलाचा धरावा.

अलर्ट: १५ मिनिटांत डिस्कार्ड बाहेर गेलेल्या पॅकेटांच्या (३१.१.१.१.११) ०.१ टक्क्याहून जास्त. या अपलिंकला दुसरा पोर्ट जोडून एलएसीपी (दोन तारांची मिळून एक लिंक) केली. एकाच जोडीतला संवाद एलएसीपीतही एकाच तारेवरून जातो, त्यामुळे डिस्कार्ड कमी झाले, संपले नाहीत. १० जीबीपीएसचे मॉड्यूल मागवले.

त्याच यादीत एका पोर्टवर आत येणाऱ्या एरर. एका टोकाला एफसीएस एरर (१.३.६.१.२.१.१०.७.२.१.३), दुसऱ्या टोकाला लेट कोलिजन (शेवटी ८): ही डुप्लेक्स न जुळल्याची खूण. पहिले टोक फुल (एकाच वेळी पाठवते आणि घेते), दुसरे हाफ (एका वेळी एकच). दोन्ही ऑटोवर, काउंटर थांबले. नुसत्या एफसीएस एरर असत्या तर केबल बदलली असती.

२ जुलै: यूपीएस आणि तापमान

यूपीएसची प्रमाणित शाखा १.३.६.१.२.१.३३. घेतलेले आकडे: बॅटरीची स्थिती (१.२.१, २ ठीक, ३ कमी, ४ संपली), उरलेली मिनिटे (१.२.३), व्होल्टेज (१.२.५), आउटपुटचा स्रोत (१.४.१, ३ मेन्स, ५ बॅटरी). व्होल्टेज दशांश व्होल्टमध्ये असते. ५४६ म्हणजे ५४.६ व्होल्ट. उरलेली मिनिटे हा फर्मवेअरचा अंदाज आहे आणि बॅटरी जुनी झाली की तो फुगवून सांगितला जातो. लोडवर १० मिनिटे चालवून पाहिल्यावर सहापैकी एकाने ३८ मिनिटांचा दावा करून सातव्या मिनिटाला स्थिती ३ दिली. तिच्या बॅटऱ्या बदलायच्या यादीत.

तापमान १.३.६.१.२.१.९९.१.१.१.४ मध्ये, पण शेजारचे स्केल (२) आणि प्रिसिजन (३) वाचल्याशिवाय त्याला अर्थ नाही. ३८५ आणि प्रिसिजन १ म्हणजे ३८.५ अंश.

८ जुलै: उपलब्धतेचा अहवाल

३० दिवसांत ४३,२०० मिनिटे. ९९.९ टक्क्यांना ४३.२ मिनिटे बंद चालते, ९९.९९ ला ४.३२ मिनिटे. दर मिनिटाच्या तपासणीत ४ मिनिटे २० सेकंदांचा खंड, तपासणी नेमकी कधी पडते यावर, ४ नमुने किंवा ५ नमुने खातो. पहिल्यात ९९.९९१, दुसऱ्यात ९९.९८८. पास की नापास हे योगायोगावर ठरते. दर ५ मिनिटांच्या तपासणीत तर तोच खंड पूर्ण निसटेल किंवा एकदम ५ मिनिटांचा मोजला जाईल. म्हणून अहवालात ९९.९५ च्या वरचे दावे या पोलिंगवर करायचे नाहीत. राउटरना ते हवे असतील तर १० सेकंदांची पिंग वेगळी लावावी.

हिशेब अलर्टच्या कालावधीवरून न करता पिंगच्या मूळ नमुन्यांवरून केला. अलर्ट उपकरणानुसार दुसऱ्या ते चौथ्या अपयशानंतर उघडतो, त्यामुळे प्रत्येक खंडातली पहिली एक ते तीन मिनिटे त्यात बुडतात आणि तेवढे छोटे खंड तर दिसतच नाहीत.

अहवालात तीन रकाने: चालू, बंद, माहीत नाही. सर्व्हर स्वतः बंद असताना, किंवा मधला कोअर पडल्यामुळे जे दिसत नव्हते, ती मिनिटे तिसऱ्यात. ती ‘बंद’मध्ये टाकली तर निर्दोष स्विचच्या नावावर चूक चढते, ‘चालू’मध्ये टाकली तर न पाहिलेल्याची ग्वाही दिल्यासारखे होते. ठरवून केलेल्या देखभालीची मिनिटे वेगळी दाखवली, लपवली नाहीत.

१० जुलै: निरीक्षकावर नजर

सर्व्हरची रांग, पोलर (उपकरणांना विचारणाऱ्या प्रक्रिया) किती टक्के व्यग्र आहेत आणि डिस्क या तिन्हींवर अलर्ट: पोलर ७५ टक्क्यांवर १० मिनिटे, डिस्क ८० टक्क्यांवर. सर्व्हरच पडला तर हे सगळे मुके होतात, म्हणून वेगळ्या विजेवर आणि वेगळ्या स्विचवर असलेल्या छोट्या यंत्रावरून दर २ मिनिटांनी सर्व्हरचे वेबपान आणि शेवटच्या नोंदीची वेळ तपासली जाते. ५ मिनिटांहून शिळी असेल तर तेच यंत्र थेट एसएमएस पाठवते. केबल काढून तपासले: सहाव्या मिनिटाला संदेश.

बाकी कामे: १० जीबीपीएस मॉड्यूल आल्यावर ३० जूनच्या अपलिंकचे डिस्कार्ड पुन्हा मोजणे; एका यूपीएसच्या बॅटऱ्या; आवृत्ती १ वरची दोन यूपीएस कार्डे वेगळ्या व्हीलॅनमध्ये हलवणे; फायरवॉलच्या सीपीयूच्या आकड्यांची ताडणी अजून झालेली नाही, तोवर त्यांच्यावर अलर्ट नाही.